ट्यूब बदलायलाच हवी का?

प्रश्न : मुलाच्या सायकलचं मागचं चाक आठवड्यात दोनदा पंक्चर झालं. दुकानदार ट्यूबच बदला म्हणतो. फसवतोय का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, लगेच तसं समजू नका. बहुतेकदा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. टायर आतून हलक्या हाताने चाचपायला सांगा. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक दिसत नाही, बोटाला मात्र लागतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात, तुम्हीच बघा. साधं भोक असेल, तर घासून, सोल्युशन नीट सुकू देऊन लावलेला पॅच पुरेसा. व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर असेल, तर दुकानदाराचंच खरं. तिथे पॅच धरत नाही. आणि बसलेल्या चाकावर सायकल दामटू नको म्हणावं मुलाला, चांगली ट्यूबही रिमखाली चिरडते. हातात धरून न्यावी.