शाळेच्या नाटकाचं पोस्टर : पैसे चित्राला द्या, फ्लेक्सला नको

शाळेच्या नाटकाचं पोस्टर दीड-पावणेदोन हजारात झकास होतं आणि आठ हजार घालूनही भिकार होऊ शकतं. फरक छपाईच्या दरात नसतो. पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, हे आधी ठरलं आहे की नाही, यात तो असतो. बहुतेक शाळांत ते ठरलेलं नसतं. गॅदरिंगला आठवडा उरला की एखादे उत्साही पालक कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे जातात आणि दहा बाय आठचा फ्लेक्स सांगून येतात. त्यावर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापिका आणि प्रमुख पाहुणे यांचे फोटो रांगेनं बसतात. नाटकाचं नाव उरलेल्या जागेत कुठेतरी. ऐंशी चौरस फूट, फुटाला पंधरा रुपये, म्हणजे फ्लेक्सचेच बाराशे. लाकडी फ्रेम, टेम्पो आणि चढवायची मजुरी धरून बिल अडीच हजारांच्या पुढे. एवढं करून नाटक कोणतं, ते रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाहीच.

पुढे दिलेले दर ढोबळ आहेत. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत साधारण असेच ऐकायला मिळतात. तालुक्याच्या गावी थोडे कमी, मुंबईत थोडे जास्त. डिसेंबर-जानेवारीत लग्नसराई आणि गॅदरिंगं एकदमच येतात, तेव्हा ‘अर्जंट’चा आकार वेगळा लागतो. दोन दुकानांत विचारल्याशिवाय काम देऊ नका.

सुरुवात डिझाइनपासून करू. सगळ्यात स्वस्त मार्ग डीटीपीवाल्याचा. तीनशे ते आठशे रुपयांत तो पोस्टर ‘लावून’ देतो. छपाई त्याच्याकडेच केलीत तर डिझाइनचे पैसे लावतही नाही. मात्र तो कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतो आणि तयार साठ्यातला लाल पडदा आणि हसरा-रडका मुखवटा उचलतो. नाटक राक्षसाचं असो, झाडाचं असो की शिवरायांचं, मुखवटे तेच. त्याला दोष देऊ नये. तेवढ्या पैशांत तेवढंच काम होतं. दुसऱ्या टोकाला स्वतंत्र व्यावसायिक डिझायनर. तीन ते आठ हजार, नावाजलेला असेल तर त्याहून बराच अधिक. शाळेच्या एका प्रयोगाला हा खर्च मला तरी पटत नाही. आंतरशालेय स्पर्धेत जाणारं, चार-सहा प्रयोग होणारं बालनाट्य असेल तर गोष्ट वेगळी.

या दोन्हींच्या मधली वाट फारशी कुणी धरत नाही. मुंबईचं जे. जे. उपयोजित कला, पुण्याचं अभिनव किंवा तुमच्या जिल्ह्यातलं एखादं कला महाविद्यालय, इथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना खरं काम हवंच असतं. दीड ते तीन हजारांत ती तालमीला येऊन बसतात, संहिता वाचतात आणि त्या नाटकाचं म्हणून चित्र काढतात. त्यांना ‘अनुभव मिळेल’ असं सांगून फुकट राबवू नका.

चौथा मार्ग शाळेच्या आतच आहे, आणि पोस्टर शाळेचं असेल तर तोच मला सर्वांत योग्य वाटतो. आठवी ते दहावीच्या वर्गांत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली चार तरी मुलं असतात. कलाशिक्षकांनी त्यांना नाटकातला एकच क्षण द्यावा. ‘अलबत्या गलबत्या’ करत असाल तर फक्त चेटकिणीचं नाक आणि नख. अख्खा पात्रपरिचय कागदावर कोंबायचा नाही. ड्रॉइंग पेपरवर पोस्टर कलरनं, दोन किंवा तीनच रंगांत काढायला सांगा. वरचा किंवा खालचा तिसरा भाग अक्षरांसाठी मोकळा ठेवायला सांगा. ही मोकळी जागा मुलं हमखास विसरतात. मग कोरलमध्ये पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर अक्षरं बसवावी लागतात आणि चित्राची रया जाते. चित्राचा मोबाइलवर फोटो काढू नका. कडा वाकड्या येतात आणि ट्यूबलाइटची छाया पडते. झेरॉक्सच्या मोठ्या दुकानात ए-३ स्कॅनर असतो, पन्नास ते शंभर रुपयांत काम होतं. ३०० डीपीआय सांगा, चित्र मोठं करायचं असेल तर ६००. स्कॅन व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात की तो चेपला जातो.

अक्षरजुळणीसाठी शिक्षकांना कॅनव्हाची शाळांसाठीची आवृत्ती फुकट मिळते. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि छपाईत वापरायला मुभा आहे. एआयकडून चित्र करून घेणार असाल तर अक्षरं मात्र त्याच्यावर सोपवू नका. जोडाक्षरांची तो वाट लावू शकतो.

खरा भुर्दंड पडतो तो दुरुस्त्यांत. ठरवतानाच विचारा की ठरलेल्या रकमेत किती वेळा दुरुस्ती करून मिळेल. दोनदा हा चांगला सौदा. त्यापुढे दर वेळी शंभर-दोनशे रुपये मागितले तर ते रास्तच आहे, कारण चूक बहुधा आपली असते : मुख्याध्यापिका म्हणतात माझं नाव वर घ्या, सचिव म्हणतात संस्थेचं बोधचिन्ह मोठं करा. म्हणून मॅटर एकाच माणसानं द्यावं आणि सर्वांच्या सह्या झाल्यावरच द्यावं. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शन, वार-तारीख-वेळ, स्थळ, प्रवेश कुणाला. बस्स. बाकीची नावं कार्यक्रमपत्रिकेत घ्या.

मराठी मॅटरला एक खास धोका आहे. आपण फोनवर युनिकोडमध्ये टाइप करतो. अनेक डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम करतात. तिथे आपला मजकूर चिकटवला की चौकोन किंवा इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, मग ऑपरेटर तो पुन्हा टाइप करतो आणि नव्या चुका शिरतात. युनिकोड चालत असलं तरी काही सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर ‘निर्मिती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, रफार गळतो, ‘दिग्दर्शक’मधला पाय मोडलेला ग दिसतो. म्हणून प्रूफ पडद्यावर नव्हे, साध्या ए-४ कागदावर दहा रुपयांत काढून घ्या आणि ते नाटकाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. वार आणि तारीख कालनिर्णयाशी पडताळा. तारीख बदलली पण वार जुनाच राहिला, ही सर्रास होणारी चूक आहे. प्रूफवर तुमची सही झाली असेल तर फेरछपाईचा खर्च तुमचाच.

छपाईकडे वळू. शाळा, आसपासच्या चार सोसायट्या, वाचनालय, दोन दुकानं, एवढ्यांना वीस-पंचवीस पोस्टरं पुष्कळ होतात. एवढ्यासाठी डिजिटल छपाईच बरी. १७० जीएसएम आर्ट पेपरवर ए-३ आकाराच्या एका प्रतीला पंचवीस ते चाळीस रुपये. इथे एक गोष्ट माहीत हवी. ए-३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, इंचांत साधारण पावणेबारा बाय साडेसोळा. दुकानातला कागद असतो बारा बाय अठरा किंवा तेरा बाय एकोणीसचा आणि दर लागतो शीटला. म्हणजे ए-३ छापून कडेचा कागद कापून टाकण्यापेक्षा डिझाइनच बारा बाय अठराचं केलं तर त्याच पैशांत मोठं पोस्टर मिळतं. कापणीसाठी चारही बाजूंनी तीन मिलिमीटर रंग जास्तीचा सोडा, आणि फाइल देताना अक्षरं ‘कर्व्ह’ केलेली पीडीएफ द्या. तसं केलं नाही तर दुकानातल्या मशीनवर फॉन्ट बदलतो.

प्रेसवाला म्हणेल, “हजार छापा, नग अगदी स्वस्तात पडेल.” त्याचं गणित बरोबर असतं. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात आणि तो खर्च हजारांत वाटला जातो. पण हजार पोस्टरं लावणार कुठे? पाचशेच्या आत ऑफसेटचा विचारही नको.

दोन रंगांचं चित्र असेल तर लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला जरूर विचारा. दोन स्क्रीनचे प्रत्येकी चारशे, म्हणजे आठशे. पन्नास प्रतींवर दोन रंगांचे शंभर छाप, चार रुपयांनी चारशे. कागद सहा रुपयांनी तीनशे. एकूण पंधराशे, म्हणजे नगाला तीस. डिजिटलइतकाच भाव, पण जाड शाईचा तो सपाट, भरीव रंग डिजिटलला येत नाही. मुलांना कारखान्यात नेऊन एक-दोन छाप ओढू दिले तर तो चित्रकलेचा तास वसूल झाला समजा.

फ्लेक्स हवाच असेल तर फाटकावर एकच, तीन बाय चार फुटांचा. बारा चौरस फूट, थोड्या जाड मालाचा दर वीस रुपये धरला तर दोनशे चाळीस. फ्रेमचे आणखी तीनशे. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा जाडी विचारा. रस्त्यावर, विजेच्या खांबावर, चौकात काही लावायचं तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी आणि शुल्क आलं. विनापरवाना लावणं हा १९९५ च्या मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. शाळेचं नाव त्यात यायला नको.

आता पोस्टरवरच्या एका ओळीबद्दल. प्रतिलिपी अधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे : प्रयोग शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला असेल आणि प्रेक्षक केवळ कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंधित मंडळी असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही. पण तुम्ही पोस्टरवर हौसेनं ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ छापलंत की ती सवलत सुटली. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलंत तर प्रश्नच नाही, परवानगी आणि मानधन दोन्ही आलं. ‘अलबत्या गलबत्या’चे लेखक रत्नाकर मतकरी २०२० मध्ये गेले; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांची बालनाट्यं २०८० अखेरपर्यंत वारसांच्या हक्कातली. परवानगी आधी मागा, पोस्टर नंतर छापा, आणि लेखकाचं नाव अध्यक्षांच्या नावापेक्षा मोठं ठेवा. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रालाही मालक असतो. मुलांचे फोटो वापरायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

हिशेब मांडू. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचे दोन हजार, वीस पोस्टरं तीस रुपयांनी सहाशे, स्कॅनचे शंभर, फाटकावरचा फ्लेक्स फ्रेमसह पाचशे चाळीस : तीन हजार दोनशे चाळीस. चित्र शाळेतल्या मुलानं काढलं आणि डीटीपीवाल्याला अक्षरजुळणीचे पाचशे दिले तर एक हजार सातशे चाळीस. वाचलेल्या पैशांतून त्या मुलाला चांगला रंगसंच द्या आणि पोस्टरवर त्याचं नाव छापा.

आगाऊ रक्कम निम्म्याहून अधिक देऊ नका. दर जीएसटी धरून आहे का, हे आधी विचारा, आणि पैसे चुकते करताना पीडीएफबरोबर मूळ फाइलही मागून घ्या; पुढच्या प्रयोगाला फक्त तारीख बदलायची असते. रंग उडालेला निघाला, माल प्रयोगानंतर आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तिथे पहिला प्रश्न बिलाचा येतो, तेव्हा कच्च्या चिठ्ठीवर काम देऊ नका.