भैरवी आधी गेली

२०१७ च्या श्रावणात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर आत्या म्हणाली, "गुरुजींची ती भैरवी लाव गं, दादाला फार आवडायची." बाबा ज्यांच्याकडे गाणं शिकले त्या गुरुजींची गावातली ती शेवटची मैफल. मी कपाटातून रेक्झीनचं पाऊच काढलं, सदतीस नंबरची सीडी लावली. यमन नीट वाजला, ठुमरी वाजली. भैरवी सुरू झाली आणि चौथ्या मिनिटाला आवाज तुटायला लागला. मग नुसतीच टकटक, मग काहीच नाही.

सीडी बाहेर काढून पाहिली. मीच हौसेनं छापून चिकटवलेलं गोल लेबल एका कडेनं फुगलं होतं. तेच आत अडकत असणार असं वाटून मी ते नखानं धरून सोललं. लेबलाच्या पाठीला चिकटून चंदेरी पापुद्राही निघून आला. सीडी उजेडासमोर धरली, तर कडेला अंगठ्याच्या नखाएवढा भाग फिकट हिरवट काचेसारखा झाला होता आणि त्यातून खिडकीबाहेरचा माड दिसत होता. भैरवी त्या पापुद्र्यात होती.

हे सांगताना आजही वाईट वाटतं, कारण चूक त्या दिवसाची नव्हती. ती २००४ च्या दिवाळीत झाली होती. बाबांच्या कॅसेटी जुन्या झाल्या, म्हणून सुट्टीत बसून मी त्यांच्या चौसष्ट सीडी केल्या. डब्यात पन्नास-पन्नास येतात त्या, सुट्या, सगळ्यांत स्वस्त. लेबलं चिकटवली, पाऊचमध्ये भरल्या आणि घराला रंग काढायचा होता म्हणून कॅसेटी भंगारात दिल्या. सोबत बाबांच्या हस्ताक्षरातली कव्हरंही गेली. सीडी कायमची असते असं तेव्हा सगळेच म्हणत, आणि माझाही त्यावर विश्वास होता.

आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की सीडीची चकचकीत बाजू नाजूक आणि छपाईची बाजू म्हणजे तिचं झाकण. खरं याच्या उलट आहे. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, आणि ती जवळजवळ सगळी पारदर्शक प्लॅस्टिकची. लेसरचा किरण खालून या प्लॅस्टिकमधून वर जातो. ज्यावरून तो परततो तो धातूचा थर अगदी वर असतो आणि त्याच्यावर लाखेचा केसापेक्षाही पातळ लेप. खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून घालवता येतो, बारीकसारीक चुका तर प्लेअरच सावरून घेतो. वरच्या बाजूचा ओरखडा म्हणजे गाणंच खरवडलं गेलं. म्हणून सीडी टेबलावर ठेवायची वेळ आली तर 'छपाई खाली' हा उपाय नव्हे. ती कडेनं धरायची आणि सरळ डबीत घालायची.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली आणि तिनं जास्त चटका लावला. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. म्हणजे शेवटचं गाणं कडेला. बोटं तिथे लागतात, दमटपणा तिथूनच शिरतो, लेबल तिथूनच सुटतं. आपल्या मैफलीत भैरवी शेवटी गातात. घरी केलेल्या भरगच्च सीडीत आधी जाते ती भैरवीच.

तेव्हा पहिलं सांगणं हे, की सीडीवर काहीही चिकटवू नका. कागद ओल धरतो, गोंद वर्षानुवर्षं खेचत राहतो, आणि एका बाजूला जड झालेली सीडी फिरताना थरथरते. आधीच चिकटवलेलं असेल तर सोलू नका. लेबलासकट, सावकाश वेगानं, आधी नक्कल करून घ्या. मी त्या दिवशी सोललं नसतं तर भैरवीची आणखी दोन मिनिटं कदाचित हाती लागली असती.

लिहायचं तर मधल्या भोकाभोवती जे पारदर्शक कडं असतं, तिथेच. तिथे गाणं नसतं. बॉलपेन नको, टोक रुततं. उग्र वासाचा मार्कर नको, त्यातलं द्रावण लाखेतून आत उतरू शकतं. पाण्यावर आधारित शाईचं मऊ टोकाचं पेन घ्या. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, 'निस्ट'नं, २००३ साली ग्रंथालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे. त्या कड्यावर फक्त क्रमांक मावतो आणि तेवढाच पुरे. बाकी सगळं वहीत.

या वहीबद्दल मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे. साध्या सीडीवर गायकाचं किंवा रागाचं नाव नसतंच. कॉम्प्युटरला लावली की 'ट्रॅक १, ट्रॅक २' एवढंच दिसतं. माझ्या लेबलांवर मी 'गुरुजी, मैफल २' असं लिहिलं होतं. दुसरी म्हणजे कुठली, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे सगळं कॅसेटच्या कव्हरवर बाबांनी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते आता कोणालाच सांगता येत नाही. म्हणून क्रमांकासमोर एवढं लिहाच: कोण गातंय, काय गातंय, कुठे, कधी, साथीला कोण, मूळ कॅसेट कुठली आणि सीडी कोणत्या तारखेला केली. मूळ कव्हर असेल तर ते डबीत मागे सरकवून ठेवा. घरातलं जाणतं माणूस आहे तोवर त्याला शेजारी बसवून लिहा.

ठेवण्याचं म्हणाल तर, कडक डबीत आणि पुस्तकासारख्या उभ्या. पाऊचमधलं प्लॅस्टिक पावसाळ्यात सीडीला चिकटतं. आमच्याकडे रत्नागिरीत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि ते कपाट पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेलं होतं. त्यातून कुबट वास यायचा म्हणून आईनं एकदा ते पाऊच उघडून उन्हात ठेवलं होतं. घरी केलेल्या सीडीत गाणं रंगद्रव्याच्या थरावर उमटलेलं असतं आणि उन्हानं ते विटतं. ऊन बिलकूल नको. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. बुरशीला कमी लेखू नका. २००१ साली स्पेनमधल्या संशोधकांना बेलीझसारख्या उष्ण-दमट देशातून आलेल्या सीडीचे थर बुरशीनं पोखरलेले आढळले होते. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही.

विकत घेतलेल्या सीडी दाबून बनवलेल्या असतात, त्या जास्त टिकाऊ. तिथे घोळ होतो तो अदलाबदलीचा. 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीतं, संचातली एक सीडी भलत्या डबीत गेली की कथाच तुटते. त्यांनाही क्रमांक द्या, पण घाई नाही. घाई आहे ती घरी केलेल्यांची, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

माझ्या चौसष्टपैकी एक्कावन्न पूर्ण वाचल्या, नऊ अर्ध्यामुर्ध्या, चार गेल्या. वाचल्या त्यांच्या नकला 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या मोफत प्रोग्रॅमनं केल्या. जिथे वाचताना अडतं तिथे तो पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. फाइली फ्लॅकमध्ये ठेवल्या, त्यात आवाजातलं काही गळत नाही. एक हार्ड डिस्क माझ्याकडे, दुसरी पुण्याला भावाकडे. गुरुजींची भैरवी आता तीन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे.

तुमच्या घरी अशा सीडी असतील तर मे महिन्यात पापड-मिरच्या डब्यात भरता त्याच आठवड्यात त्याही बाहेर काढा आणि मृग लागायच्या आत एकेक करून शेवटपर्यंत वाजवून बघा.