शेवटच्या मुलापर्यंत

मुलांनो, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर तुम्हांला ठाऊक असेलच. मोसम नदीच्या काठच्या या गावात मागांचा खडखडाट सतत चालू असतो. इ. स. २०२२ च्या अखेरीस मात्र तेथील कित्येक घरांत निराळीच चिंता शिरली. लहान मुलांना ताप भरू लागला, डोळे लाल झाले, खोकला जडला आणि तीन-चार दिवसांत चेहऱ्यापासून सुरू होऊन अंगभर तांबूस पुरळ उठले. गोवराची साथ आली होती. त्याच सुमारास मुंबई व भिवंडी येथेही ती पसरली. मुंबईत तर काही बालके दगावली.

"गोवर कोणाला चुकला आहे?" असे पूर्वीचे लोक म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्यामुळे हा आजार क्षुल्लक आहे असा समज मात्र पसरला. गोवरामुळे न्यूमोनिया होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते, दृष्टीही जाऊ शकते. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास त्याचे विषाणू हवेत राहतात. संरक्षण नसलेल्या समाजात एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना हा रोग होतो. लस निघण्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे गोवराने मरत. त्यांत बहुतेक बालकेच असत.

१९५४ साली अमेरिकेत जॉन एंडर्स व थॉमस पीबल्स यांनी गोवराचा विषाणू वेगळा केला आणि १९६३ साली लस उपलब्ध झाली. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून मोफत दिली जाते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली गोवराची लस आज अनेक देशांतील मुलांना टोचली जाते.

लस आहे, ती मोफत आहे. मग साथ का यावी? २०२० मध्ये कोरोनाची महामारी आली आणि नेहमीचे लसीकरण मागे पडले. २०२१ या एका वर्षात जगातील सुमारे अडीच कोटी बालकांना गोवराच्या लसीची पहिली मात्राही मिळाली नाही. काही घरांत लसीविषयी शंकाही होत्या. शंभरांपैकी पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच गोवराची वाट अडते. कुंपणाला भगदाड पडले, की गुरे शेतात शिरतात; तसेच हे आहे.

आपल्या देशात लसीचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. पण ज्या देशांची तिजोरीच रिकामी आहे, तेथील मुलांनी काय करावे? त्यांच्यासाठी जगभरातून निधी गोळा केला जातो. २००१ साली अमेरिकन रेड क्रॉस, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ इत्यादी संस्थांनी याच कामासाठी हात मिळवले. या निधीतून केवळ लस विकत घेतली जात नाही. लस थंड राखावी लागते. म्हणून शीतपेट्या, बर्फ, वाहने, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा, या सर्वांवर तो खर्च होतो. साखळीतील एक कडी तुटली, तर लस निकामी होते आणि दात्याचे दान वाया जाते.

लहान देणगीने काय होणार, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत १९३८ साली पोलिओविरुद्ध निधी जमवताना एडी कँटर या कलावंताने रेडिओवरून लोकांना आवाहन केले, की प्रत्येकाने दहा सेंटचे एक नाणे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे. पाहता पाहता २६ लाखांहून अधिक नाणी जमली! पुढे अशाच लोकनिधीच्या बळावर जोनस साल्क यांची पोलिओची लस १९५५ साली सिद्ध झाली. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण त्या लोकांनी ऐकली नसेल. पण ती त्यांनी आचरून दाखवली.

दूर देशातील अनोळखी मुलासाठी आपण का द्यावे? एक तर ते मूलच आहे. एवढे कारण पुरेसे आहे. शिवाय रोगाला सीमा ठाऊक नाही. एका देशात पेटलेली साथ प्रवाशाबरोबर दुसऱ्या देशात उतरते. २००० ते २०२३ या काळात गोवराच्या लसीमुळे सुमारे सहा कोटी जीव वाचले. तरीही २०२३ मध्ये लाखाहून अधिक माणसे या रोगाने दगावली.

पण पैसा लसीला दारापर्यंतच आणू शकतो. उंबरठा तिला माणूसच ओलांडून देतो. डिसेंबर २०२२ व जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रात विशेष लसीकरण मोहीम झाली. अशा मोहिमेत आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्या गल्लोगल्ली फिरतात, आईबापांच्या शंका शांतपणे ऐकतात आणि राहून गेलेली मुले शोधतात. देणाऱ्याचे दान त्यांच्या पायांनी चालते.

मुलांनो, तुमच्या घरी वा शेजारी लहान बाळ असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्ड मोठ्यांबरोबर पाहा. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा मिळाली का, हे विचारा. निधी देण्याइतके पैसे तुमच्यापाशी आज नसतील; पण हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

स्वाध्याय
१. लस मोफत असूनही २०२२ मध्ये गोवराची साथ का आली?
२. 'देणाऱ्याचे दान त्यांच्या पायांनी चालते' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीवर आपल्या गावातील उदाहरण देऊन दहा ओळी लिहा.