“उद्या करीन”
कुमारवयीन मुलामुलींच्या चालढकलीविषयी एक धडा



जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांत आपल्या मंडळींच्या ओसरीवर बसले असता आईबापांच्या तोंडून एक गाऱ्हाणे वारंवार ऐकू येते. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला, अंगाने बापाच्या खांद्यास लागला, पण सांगितलेले काम वेळेवर करील तर शपथ. विज्ञानाची प्रयोगवही कोरी पडली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धाच भरलेला आहे. गणिताचे पुस्तक उघडे आहे आणि नजर मात्र मोबाइलवर आहे. विचारावे तर एकच उत्तर मिळते, “करतो ना बाबा, उद्या करतो.” मुलींचीही गोष्ट निराळी नाही.

असे चार-सहा महिने गेले म्हणजे बापाचा धीर सुटतो. तो म्हणतो, “ह्याला शिकायचेच नाही. कापूस वेचायला तरी कामी येईल.” आणि मुलगी असली तर घरात स्थळांची बोलणी सुरू होतात.

ह्या शेवटल्या गोष्टीकरिताच आम्ही हा विषय आज धड्यास घेतला आहे. वैद्याने रोग चुकीचा ओळखला तर औषधाने अपाय होतो. त्याचप्रमाणे मुलाची चालढकल हा आळस आहे असे ठरवून आपण जो उपाय करितो, त्याने पुष्कळदा ती वाढते, आणि अखेरीस शाळा सुटते. म्हणून हा रोग नीट ओळखू या.

१. आळस निराळा आणि चालढकल निराळी

आळशी मनुष्य काम करीत नाही आणि त्याचे त्यास दुःखही नसते. चालढकल करणाऱ्याचे तसे नाही. त्यास काम करावयाचे असते, न केल्यास आपलेच नुकसान होईल हेही तो जाणतो, तरी तो ते पुढे ढकलितो आणि आतून कुढत राहतो. ज्या दिवशी मुलगा अभ्यास टाळितो, त्या दिवशी त्याचा खेळही मोकळ्या मनाचा नसतो. आणखी एक खूण अशी की, पुस्तक टाळणारा हाच मुलगा त्या वेळी गोठा झाडील, गुरांस पाणी दाखवील, बहिणीची सायकल दुरुस्त करून देईल. तो आळशी असता तर हेही त्याने केले नसते. तो श्रमास भीत नाही. तो त्या एका कामास भितो.

टिमोथी पिचिल व फ्यूशिया सिरॉइस ह्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हाच मुद्दा मांडिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, चालढकल ही मुळात वेळेचा हिशेब चुकल्यामुळे होत नाही. कामाकडे पाहताच मनात जी भीती, कंटाळा किंवा लाज उत्पन्न होते, तिच्यापासून घडीभर सुटका करून घेण्याची ती खटपट असते. काम बाजूस सारताच बरे वाटते. परंतु ते बरे वाटणे उसने असते, आणि व्याजासह फेडावे लागते.

२. ह्या वयातच असे का होते?

पहिले कारण, अपयशाची भीती. आपल्या पुष्कळ घरांत दहावीपर्यंत पोहोचलेले हे पहिलेच मूल असते. साऱ्या घराचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. अशा मुलास इंग्रजीचा किंवा बीजगणिताचा एक धडा कळला नाही, तर तो विचारावा कोणास? घरी सांगणारे कोणी नाही, आणि वर्गात हात वर केला तर हसे होईल. मग पुस्तक मिटून ठेवणे हाच त्यास सोपा मार्ग वाटतो. “अभ्यास केला नाही म्हणून नापास झालो” असे म्हणणे त्यास सोसते, पण “अभ्यास करूनही आले नाही” हे सोसत नाही.

दुसरे कारण, फळ दूर असते. कॅनडातील पियर्स स्टील ह्यांनी ह्या विषयावरील पूर्वीची अनेक संशोधने एकत्र तपासून २००७ साली त्यांचे सार प्रसिद्ध केले. काम नकोसे असणे, त्याचे फळ लांब असणे, आपल्या हातून होईल असा विश्वास नसणे आणि मन चटकन दुसरीकडे धावणे, ह्या गोष्टी चालढकलीशी निकट जोडलेल्या आढळल्या. शेतकऱ्यास हे समजावयास अवघड नाही. जूनमध्ये लाविलेल्या कापसाचे पैसे दिवाळीच्या सुमारास दिसू लागतात. तेवढा धीर धरणे आपणही एका दिवसात शिकलो नाही. मुलास तर दहावीचे फळ जूनमध्ये फारच दूर दिसते, आणि मोबाइलमधील गंमत हाताशी असते. शिवाय मेंदूचा जो पुढला भाग दूरचा विचार करितो व मनास आवर घालितो, तो पंचविशीच्या सुमारापर्यंत पक्व होत राहतो, असे मेंदूच्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञांस दिसून आले आहे. मुलगा अंगाने बापाएवढा झाला म्हणजे आवरही बापाएवढा आला, असे नव्हे.

तिसरे कारण, आरंभ कोठून करावा हे न कळणे. “अभ्यास कर” ही आज्ञा फार मोठी आहे. “शेत कर” असे कोणी आपल्या गड्यास सांगतो काय? आपण म्हणतो, “विहिरीकडली पहिली सहा सरी निंदून काढ.” मुलास मात्र आपण सारे शेत एकदम दाखवितो आणि तो बांधावरच बसून राहिला म्हणून रागावतो.

चौथे कारण, झोप. कुमारवयात शरीराचे घड्याळ आपोआप पुढे सरकते. रात्री झोप उशिरा येते व सकाळी जाग येणे जड जाते. ह्या वयात सुमारे आठ ते दहा तास झोपेची गरज असते. त्यात वेचणीच्या दिवसांत पहाटे शेतात जाणे आणि रात्री अंथरुणात मोबाइल पाहणे ह्यांची भर पडली, तर दिवसा मन जड होते आणि जड मन प्रत्येक कठीण काम पुढे लोटते.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) ह्यांस लिहिता वाचता येत नव्हते, पण त्यांची मनावरील कविता आज महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्यांनी मनास उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. कितीही हाकलिले तरी ते फिरून पिकावर येते. आपल्या शेतकरी वाचकांस आम्ही विचारितो, असे ढोर केवळ काठीने सुधारते काय? त्यास दावे लागते, कुंपण लागते, आणि वेळेवर चारा लागतो. मुलाच्या मनाचे तसेच आहे.

३. अमळनेरच्या छात्रालयातील एक उदाहरण

ह्याच खानदेशात शंभर वर्षांपूर्वी एका शिक्षकाने ह्या बाबतीत काय केले, ते पाहण्याजोगे आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, व १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरेपर्यंत तेथे होते. तेथील छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे आली. ह्याच वयाची मुले, घरापासून दूर राहिलेली. खोल्या अस्ताव्यस्त, कपडे मळलेले, कंदिलाच्या काचा काजळलेल्या, आणि सारे काम उद्यावर टाकलेले.

गुरुजींनी छडी घेतली नाही. मुले बाहेर गेली असता ते स्वतः खोल्या झाडीत, सामान नीट लावीत, मळके कपडे धुऊन टाकीत. मुले परत येऊन पाहत तो काम झालेले असे. हळूहळू मुले आपण होऊन ते काम करू लागली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे.

कोणी म्हणेल की मुलांस लाज वाटली म्हणून ती सुधारली. वाटली असेल. पण ती चारचौघांत उभे करून घातलेली लाज नव्हती. आपल्यावर प्रेम करणारा मनुष्य आपल्याकरिता वाकला, ह्याची ती लाज होती. आणि दुसरी गोष्ट अशी की, काम आरंभिलेले त्यांच्या दृष्टीस पडत होते. कसे करावयाचे हेही दिसत होते. अर्थात मुलाचा गृहपाठ बापाने लिहून द्यावा असा ह्याचा अर्थ नव्हे. जवळ राहून आरंभ करून द्यावा, एवढाच आहे.

४. घरी व वर्गात काय करावे?

(अ) कामाचा तुकडा लहान करावा. “प्रयोगवही पुरी कर” असे न म्हणता “आज एका प्रयोगाची आकृती काढ” असे म्हणावे. पेरणीस जमिनीचा वाफसा लागतो हे खरे. म्हणून मुलगाही म्हणतो, मनाचा वाफसा आला म्हणजे बसेन. पण अभ्यासाचे उलट आहे. तेथे आधी दहा मिनिटे काम करावे लागते, मग मन लागते. दहा मिनिटांनंतर उठावयाची मोकळीक त्यास द्या. पुष्कळदा तो उठणार नाही.

(आ) वेळ व जागा आधीच ठरवावी. पीटर गोल्विट्झर व व्हेरोनिका ब्रांडस्टेटर ह्या जर्मन संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस नाताळच्या आदल्या दिवसाची हकिकत दोन दिवसांच्या आत लिहून पाठवावयास सांगितले होते. ऐन सणात हे काम कोणास आवडेल? ज्यांनी आपण केव्हा व कोठे बसून लिहू हे आधी ठरविले होते, त्यांच्यात काम पुरे करणारांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. तेव्हा “संध्याकाळी करीन” ह्याऐवजी “गुरांचे चारापाणी झाले की ओसरीवर दिव्याखाली बसेन” असे मुलाच्याच तोंडून ठरवून घ्यावे.

(इ) मोहाची वस्तू दूर ठेवावी. त्या अर्ध्या तासात मोबाइल आईच्या डब्यात राहावा, आणि बापाचाही तेथेच राहावा. बाप समोर बसून चित्रे पाहत असता मुलास वाचावयास सांगणे व्यर्थ आहे.

(ई) कोणी तरी जवळ बसावे. आईस अक्षर येत नसले तरी चालेल. तिने शेजारी तांदूळ निवडीत बसावे आणि म्हणावे, “काय वाचलेस ते मला सांग.” अडलेले शिकविण्याकरिता उपदेशकांनी व शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी, आणि त्या संध्याकाळी कोणत्याही प्रश्नास कोणी हसू नये असा नियम असावा.

(उ) झाले गेले सोडून द्यावे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी करून २०१० साली असे प्रसिद्ध झाले की, पहिल्या परीक्षेपूर्वी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःस क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेपूर्वी कमी चालढकल केली. जे स्वतःस दोष देत राहिले, त्यांस पुस्तक पाहताच तो दोष आठवे, आणि ते पुन्हा पळत. क्षमा हा शब्द आपल्या मंडळींस नवा नाही. पण तो आपल्याच अंगणातील पंधरा वर्षांच्या मुलास आपण किती वेळा ऐकवितो, हे ज्याचे त्याने पाहावे. क्षमा म्हणजे काम माफ करणे नव्हे. “कालचे गेले. आज कोणते पान?” एवढेच म्हणावे.

५. एक सावधगिरी

प्रत्येक दिरंगाई ही चालढकल नसते. फळ्यावरील अक्षर दिसत नसेल, अंगात रक्त कमी असेल, अक्षरे ओळखण्यातच उपजत अडचण असेल, किंवा शेतातील काम झेपेल त्याहून अधिक असेल, तर वरील उपाय पुरे पडणार नाहीत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. मूल अनेक दिवस उदास असेल, जेवण-झोप सुटली असेल, जगणे नको असे बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे फोनवर बोलावयास पैसे पडत नाहीत. येथे चालढकल आपण वडीलधाऱ्यांनी करावयाची नाही.

आणि दहावीत अपयश आलेच, तरी शाळेचे दार बंद होत नाही. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. ज्याची शाळा सुटली आहे, त्यास सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. मात्र ह्या दोन्ही अर्जांस मुदत असते. ती तारीख मुलाने विसरली तर शिक्षकांनी विसरू नये.

वाचकहो, “उद्या करीन” असे मुलगा म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा “मला भीती वाटते, जवळ या” असे म्हणत असतो. ते ओळखून आज संध्याकाळी त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा. हा धडा वाचून झाल्यावर, “उद्या बसू” असे मात्र म्हणू नका.

मंडळीत चर्चा करण्याकरिता प्रश्न

१. आळस व चालढकल ह्यांतील भेद आपल्या घरच्या एका उदाहरणावरून सांगा.
२. आपण स्वतः कोणते काम पुढे ढकलीत आहो? त्या कामाकडे पाहताच मनात काय येते?
३. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांस वाटलेली लाज व चारचौघांत घातलेली लाज ह्यांत अंतर काय?
४. “अभ्यास कर” ह्या आज्ञेऐवजी आज आपण आपल्या मुलास कोणते एक लहान काम सांगाल? ते केव्हा व कोठे करावयाचे, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या.
५. आपल्या गावात अडलेल्या मुलांकरिता आठवड्यातून एक संध्याकाळ कोण देऊ शकेल? त्याचे नाव आजच ठरवा.