बीपी नॉर्मल होतं

जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला असताना, रात्रपाळीत मी एका पेशंटचं बीपी लिहिलं: ११२/८८. पुढे सुवाच्य अक्षरात 'स्टेबल'. दीड तासाने त्यांना पुन्हा ओटीत न्यावं लागलं. पोटात रक्तस्राव होत होता.

काकू पंचावन्नच्या आसपासच्या. दुपारी गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री दहानंतर त्यांची चुळबुळ सुरू झाली. "पोरी, घोटभर पाणी दे गं, घसा नुसता सुकलाय." कधी पांघरूण काढ म्हणायच्या, कधी घाल. वॉर्डातल्या आयाबाई म्हणाल्या, "सिस्टर, यांचे पाय बघा, बर्फ झालेत." मी पंखा कमी केला.

चार्टवर नाडी ८६, श्वास २०. हे २० मी मोजलेले नव्हते. खोटं कशाला बोलू, त्या रात्री माझ्या चार्टवर अख्खा वॉर्ड एका तालात २० नेच श्वास घेत होता. डॉक्टरांना फोन केला तोही असा: "सर, बारा नंबरच्या काकू अस्वस्थ वाटतायत." "बीपी?" "नॉर्मल आहे सर." "दुखत असेल, पेनकिलर दे." दिलं.

साडेअकराला सीनियर सिस्टर राऊंडला आल्या. त्यांनी बीपीचा आकडा विचारलाच नाही. आधी युरोबॅग बघितली. तीन तासांत जेमतेम ४० मिली. पायाला हात लावला. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवत घड्याळावर पूर्ण मिनिट श्वास मोजले: २८. मग केस पेपर उघडून माझ्यापुढे धरला. भरती झाल्या तेव्हाचं बीपी १५६/९०. रोजची गोळी अटेनोलॉल.

टाकीतलं पाणी उतरलं तरी पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की धार काही वेळ जोरात येते ना, तसंच शरीर करतं. रक्त कमी झालं की कातडीच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळून हृदय आणि मेंदू सांभाळतं. म्हणून पाय गार पडतात, लघवी आटते. वरचं बीपी बराच वेळ तग धरतं. खालचं आवळण्यामुळे चढं राहतं आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात. काकूंच्या दोन आकड्यांमधलं अंतर ६६ वरून २४ वर आलं होतं. नाडी धावायला हवी होती, पण अटेनोलॉलने तिला लगाम घातला होता. आणि ११२ हे माझ्यासाठी नॉर्मल. जिचं रोजचं १५६, तिच्यासाठी ती घसरण होती.

यातलं मला काय माहीत नव्हतं? शॉकची लक्षणं मी पहिल्या वर्षी पेपरात लिहिली होती, पाचपैकी पाच मार्क मिळाले होते. तहान, अस्वस्थता, गार त्वचा, कमी लघवी, जलद श्वास. बारा नंबरच्या खाटेवर ती सगळी होती. फरक इतकाच की पेपरात प्रश्नच सांगतो, हा शॉक आहे. वॉर्डात तसं कोणी सांगत नाही.

म्हणून आता विद्यार्थिनी वॉर्डात आल्या की मी आधी त्यांच्या चार्टवरचे श्वास बघते. सगळ्यांचे २० दिसले की घड्याळ हातात देते. पहिल्या वर्षाचं फिजिऑलॉजी रद्दीत घालू नका. बीपी लिहिताना त्याच पेशंटचं कालचं बीपी शेजारी ठेवा, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते बघा. कॅथेटर असेल तर वजनाच्या हिशेबाने लघवी तपासा. ताशी किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या बाईला तासाला निदान ३० मिली. आयाबाई काही बोलल्या तर आधी उठून बघा. पेशंटला पुसणारे, कूस वळवणारे हात त्यांचे असतात.

आणि फोनवर 'वाटतंय' म्हणू नका. त्या रात्री सिस्टरांनी तोच फोन माझ्याकडून पुन्हा करवून घेतला. "सर, बारा नंबर, दुपारची हिस्टरेक्टॉमी. बीपी १५६ वरून ११२, श्वास २८, तीन तासांत लघवी ४०, पाय गार. आतून रक्त जातंय अशी शंका आहे, तुम्ही लगेच या." सर धावतच आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी पुन्हा पाणी मागितलं. माझा हात आधी त्यांच्या पायांकडे गेला. पाय गरम होते.