चाकाची शोभा आणि चाकाचे काम



घरात गाडी आली की थोड्याच दिवसांत मुलांचा हट्ट सुरू होतो, "बाबा, मोठे अलॉय व्हील लावू या ना!" हट्ट शौकाचा असला तरी निर्णय गणिताने घ्यायचा आहे. म्हणून आजचा पाठ चाकाचा.

अलॉय चाक मुळात शोभेसाठी जन्मले नाही. १९२४ साली फ्रान्समधील लियों येथील ग्रां प्री शर्यतीत बुगाटीने 'टाइप ३५' ही मोटार उतरवली. तिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची होती आणि ब्रेकचे ड्रम त्यांतच बसविलेले होते. चाक आधी कामाचे होते. शोभेचे ते मागाहून झाले.

आता टायरवरचे आकडे वाचू. '१६५/८० आर १४' यात १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत.

भिंत : १६५ × ०.८० = १३२ मिमी
दोन्ही बाजू : २६४ मिमी
रिम : १४ × २५.४ = ३५५.६ मिमी
एकूण व्यास : ६१९.६ मिमी

याच रीतीने '१८५/६५ आर १५' चा व्यास ६२१.५ मिमी येतो. रिम एक इंच वाढला, पण चाक दोन मिलिमीटरसुद्धा वाढले नाही. मारुती स्विफ्टच्या वेगवेगळ्या मॉडेलांत कंपनीने हे दोन्ही आकार दिले, त्यामागे हाच हिशेब आहे.

आता कोणी १४ इंची चाक काढून हौसेने '२०५/५० आर १७' लावले तर? व्यास ६३६.८ मिमी, म्हणजे सुमारे २.८ टक्के जास्त. स्पीडोमीटर वेगाचा हिशेब चाकाच्या फेऱ्यांवरून करतो. काटा तोच आकडा दाखवील, पण गाडी पूर्वीपेक्षा तेवढी अधिक वेगाने धावत असेल. रिमचे वजन तेवढेच राहून ते सगळे कडेला आहे असे धरले, तर १७ इंची रिम फिरवायला आणि थांबवायला १४ इंचीच्या सुमारे दीडपट जड पडते, कारण जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढते.

बुटक्या भिंतीचा एक खरा फायदा आहे : वळणावर टायर कमी वाकतो आणि स्टीअरिंगला लवकर प्रतिसाद मिळतो. पण आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांत धक्का पचवणारी हीच भिंत असते. ती बुटकी झाली की मार थेट रिमला बसतो. चाके फार बाहेर काढली तर बेअरिंगवर भार वाढतो. दिसायला छान म्हणून ती तिरकी बसविली, तर टायर फक्त आतल्या कडेने रस्ता धरतो आणि ब्रेक लावताना पकड कमी पडते.

पालकांनी दुकानात जाण्यापूर्वी गाडीचे माहितीपुस्तक उघडावे. कंपनीने मान्य केलेला आकारच घ्यावा. टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ गाडीतील मनमानी फेरबदलांना मनाई करते, हेही लक्षात असू द्यावे. त्या गाडीत आपलीच मुले बसणार आहेत.

गृहपाठ : घरच्या किंवा शेजारच्या गाडीच्या टायरवरील आकडे उतरवून घ्या, चाकाचा एकूण व्यास काढा आणि एका किलोमीटरमध्ये ते किती फेरे घेईल ते सांगा. उत्तरे विज्ञानाच्या वहीत लिहून आणावीत.