वर्सोव्याचे घर आणि आत्यांचा हिस्सा

प्रश्न : वर्सोव्यातील समुद्रालगतचे घर आजोबांनी स्वकमाईतून घेतले होते. ते १९८८ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मिळकत पत्रिकेवर केवळ वडिलांचे नाव आहे. विक्रीसाठी दोन्ही आत्यांची संमती लागेल का? धाकटी आत्या कॅनडात स्थायिक आहे.

उत्तर : लागेल. मिळकत पत्रिका, म्हणजे नगर भूमापन कार्यालयातील शहरी भूखंडाची नोंद, मुख्यतः महसुली कामासाठी असल्यामुळे तीवर एकाच वारसाचे नाव चढले म्हणून इतरांचा हिस्सा लोपत नाही. मुलींना हक्क २००५ नंतरच मिळाला हा सार्वत्रिक समज येथे गैरलागू आहे; त्या वर्षीची कायदादुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित सहदायकीपुरती होती, तर स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे व मुली हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ नुसार समान वारस ठरतात. आत्यांना हिस्सा नको असल्यास हक्कसोडपत्र, म्हणजे सहवारसाच्या लाभात हिस्सा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. घरातल्या घरात लिहून दिलेली संमती, मग ती कितीही जिव्हाळ्याची असो, खरेदीदाराचा वकील स्वीकारणार नाही. कॅनडातील आत्याने कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवावे आणि ते राज्यात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे. ती स्वतः विक्रेती राहिल्यास तिच्या हिश्श्यावर उद्गम करकपातीचा नेहमीचा १ टक्का दर लागत नाही, अनिवासींचा वेगळा दर लागतो.

भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध असतात. पुनर्बांधणीच्या आशेने येणारा खरेदीदार त्यावरूनच भाव पाडतो, त्यामुळे भूखंडाची नकाशावरील नेमकी स्थिती आधीच तपासलेली बरी.